साडूच्या फ्रेमपेक्षा हलकी

स्टीलच्या रेसिंग सायकलची फ्रेम किती हलकी करता येते, असं कोणी मला विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. साडूच्या फ्रेमपेक्षा हलकी. किलो-ग्रॅमचं मग पाहू.

दिग्रसला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. डवरे, वखराच्या पासा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, घरांची गेटं, असलं सगळं आम्ही करतो. बायको मारेगावची, तीन बहिणींतली थोरली. मधली दारव्ह्याला दिली. तिचा नवरा फ्रिज आणि कूलर दुरुस्त करतो, आणि तोच माझा साडू. साडू म्हणजे काय ते लग्न झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही. भाऊ नाही, मित्र नाही, भागीदार नाही, तरी सासुरवाडीच्या उंबऱ्यात पाय ठेवला की दोघांना एकाच नजरेनं मापतात.

मी थोरला जावई, त्यामुळे मान माझाच. पहिला पाट माझा, पहिलं ताट माझं, निघताना पहिला नारळ माझ्या हातात. पण ताट वाढून झालं की सासूबाई बसणार त्याच्याजवळ, आणि हसणार त्याच्या गोष्टीला. सासऱ्यांचं मारेगावला किराण्याचं दुकान आहे. त्या दुकानाचं शटर मी बसवून दिलं, ते आजवर एकदाही अडलं नाही. आता जे अडत नाही त्याची आठवण कोण कशाला काढेल? दुकानातला फ्रिज मात्र दर उन्हाळ्यात बंद पडतो, साडू दारव्ह्याहून येतो, मागची जाळी काढून काहीतरी खुडबुड करतो, आणि आठ दिवस घरात त्याच्या हाताचं कौतुक चालतं. माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला सांगू, अजूनही दुखतं.

अधिक महिना आला तसं दोघा जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावणं आलं. माझी साळी, म्हणजे ही तिसरी, बिनलग्नाची, सायकलच्या शर्यतीत उतरते. पोट्टी चणीनं लहान, पण पायात भल्ला दम. त्या दिवशी ती तोंड पाडून बसली होती. तिच्या जुन्या सायकलच्या फ्रेमला जोडापाशी तडा गेला होता आणि दिवाळीनंतर राज्याच्या निवडीची शर्यत होती, घाट चढून पुन्हा तोच घाट उतरायची. बाजारातली कोणतीही फ्रेम तिच्या उंचीला मोठीच पडत होती. कार्बनच्या फ्रेमचं नाव घरात कोणी काढतसुद्धा नव्हतं.

साडूनं धोंडा मोडला, त्यावर तूप घेतलं आणि अगदी सहज म्हणाला की फ्रेम मी बनवून देतो, स्टीलची, तिच्या मापाची. झालं. सगळ्या घराची तोंडं त्याच्याकडे वळली. सासूबाईंनी न विचारता त्याला दुसरा धोंडा वाढला. अरे बाप्पा, लोखंडात उभा जन्म गेला माझा, आणि फ्रेम बनवणार हा कूलरवाला? मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हटलं, मीही बनवतो.

आता पेच पडला सासऱ्यांना. ते जुन्या वळणाचे, लेकीच्या घरचं पाणी प्यायलाही मागेपुढे पाहणारे. जावयानं बनवलेली वस्तू फुकट ठेवून घेणं त्यांच्या जिवावर आलं. थोडा वेळ ते सुपारी कातरत बसले आणि मग त्यांनीच तोड काढली. नवस फेडताना लेकराची गुळानं तुला करतात, तशी फ्रेमची तुला करायची. जितकी फ्रेम, तितका गूळ त्या त्या जावयाच्या घरी. सगळे खूप हसले. मी हसता हसता म्हटलं, पोरीनं शर्यतीला हलकी निघेल तीच न्यायची. साडू नुसता मान हलवून हसला, आणि त्या हसण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग मी या कामाच्या मागे लागलो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर फ्रेम बांधणाऱ्या लोकांची कामं बघत बसायचो. परदेशातले म्हातारे म्हातारे लोक, अंगाला ॲप्रन बांधून, एकेका जोडावर सकाळ घालवणारे. त्यातून जे कळलं ते असं. वजनाला सगळं स्टील सारखंच. महागातलं स्टील हलकं नसतं, ते ताकदीचं असतं, म्हणून कमी घेऊन भागतं. पाइपच्या टोकाला जोड येतो, तिथे भिंत जाड लागते. मधे तेवढी लागत नाही, तिथे ती पातळ करायची. पातळ केली की पाइप लवतो. लवू नये म्हणून पाइपाचा घेर वाढवायचा. घेर वाढला की वजन वाढतं, म्हणून भिंत पुन्हा पातळ करायची. असं करत करत एक जागा येते, तिथून पुढे पाइप लवत नाही, एकदम आत बसतो, चुरमडतो. ती जागा येण्याआधी थांबायचं. सगळी विद्या एवढीच. दीड किलोच्या आसपास चांगले चांगले लोक थांबतात.

वाचून कळलं, पण साडूचं कुठवर आलं ते पाहिल्याशिवाय मला चैन पडेना. बाजाराच्या दिवशी काहीतरी निमित्त काढून दारव्ह्याला गेलो. बरं, या माणसानं काही लपवावं की नाही? मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि सगळं पुढ्यात मांडलं. त्यानं पाइप मागवले होते ते कारखान्यातूनच मधे पातळ करून आलेले. जोडावर बसवायच्या पोलादी टोप्या होत्या, त्यांना लग म्हणतात. टोपीत पाइप घालायचा आणि मधल्या केसाएवढ्या फटीत चांदी भरायची. चांदीची काडी फ्रिजवाल्यांच्या घरचीच, तांब्याची नळी लोखंडाला जोडायला ते तीच वापरतात. पितळेपेक्षा ती कमी तापात वितळते, म्हणून पातळ पाइप जळत नाही.

माझ्यासमोर त्यानं एक जोड केला. ज्योत फिरवत राहिला, पाइप लाल होता होता थांबला, काडी टेकवली, आणि चांदी आपसूक फटीत ओढली गेली. दुसऱ्या बाजूनं बारीक पांढरी रेघ होऊन निघाली. एवढंच. ग्राइंडर लागला नाही, ठिणगी उडाली नाही, त्याच्या शर्टाची घडीसुद्धा मोडली नाही. माझ्या जोडावर ग्राइंडर मारल्याशिवाय मी तो गिऱ्हाईकाला दाखवत नाही. देवा, याला हा हात कायले दिला, असं मनात आलं आणि चहा कडू लागला.

वर त्यानं मलाच विचारलं, की फ्रेम सरळ बसावी म्हणून सांगाडा कसा बांधता तुम्ही? मी अर्धंच सांगितलं. पुढचं त्यानं स्वतः शोधून काढलं असणार, कारण फ्रेम सरळच निघाली. मी निघताना त्यानं ती अर्धवट जोडलेली फ्रेम माझ्या हातात दिली. मी पटकन खाली ठेवली, पण तेवढ्यात तिचं वजन माझ्या हाताला कळलं होतं. दिग्रसच्या बसमध्ये उभ्यानं येताना सारखं तेच मनात होतं, याच्याहून हलकी, याच्याहून हलकी.

तयार पातळ केलेले पाइप मागवायचे म्हणजे त्याचीच नक्कल. तो म्हणाला असता, पाहा, भाऊंनी माझंच उचललं. मी नागपूरहून साधे, एकसारख्या जाडीचे पाइप आणले, स्टील त्याच जातीचं. मधला भाग मी स्वतः पातळ करणार होतो, बाहेरून. आमच्या गल्लीत एक खरादवाला, म्हणजे लेथवाला आहे, माझ्या रोजच्या बसण्यातला. त्याच्याकडे सागाचा दांडा पाइपाच्या आत घट्ट बसेल असा कातून घेतला, म्हणजे सोलताना पाइप आत दबू नये. टोकांना हात लावायचा नाही, मधलंच काकडीसारखं सोलायचं. खरादवर पाइप फिरायला लागला की चुरा केसांसारखा गळायचा आणि मला असं समाधान वाटायचं की काय सांगू. बाहेरून मी पुन्हा पुन्हा मापत होतो. माप बरोबर येत होतं.

खालचा पाइप, म्हणजे हँडलपासून पायडलपर्यंत येतो तो, सगळ्यात मोठा. त्यावर खरादवाला म्हणाला, आता बस करा. मी म्हटलं, अजून एक हात. तो म्हणाला, शेटजी, कागद कराचा हाय काय? मी म्हटलं, तुमचं काय जाते? माझ्या हातात साडूची फ्रेम बसली होती. मला दारव्ह्याच्या त्या खुर्चीतून काही उठता येत नव्हतं.

जोड मात्र मी असे केले की आजही त्यांच्याबद्दल मला कोणी काही बोलून दाखवावं. टोप्या वापरल्याच नाहीत. पितळेची काडी घेऊन जोडाभोवती गोलाई भरली आणि मग कानशीनं घासत घासत अशी बसवली की एक पाइप कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते बोटाला कळू नये. आधी भंगारातल्या पाइपांवर किती जाळपोळ केली त्याचा हिशेब नाही. हात पोळले, भुवया पोळल्या. बायको म्हणायची, आपल्या घरचं गेट दोन वर्षांपासून कुरकुरून राह्यलं, ते दिसत नाही तुमाले. मी म्हणायचो, तुझ्याच बहिणीसाठी करून राह्यलो. ती म्हणायची, कोणत्या बहिणीसाठी अन् कोणत्या बहिणीच्या नवऱ्यासाठी, मले समजते सगळं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मारेगावला जमलो. सासऱ्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आढ्याला टांगलेला जुना तराजू आहे, पोती मोजायचा, मोठ्या पारड्यांचा. सासूबाईंनी पारड्यांना हळदकुंकू लावलं. थोरला म्हणून आधी माझी फ्रेम ठेवली. सासरे दुसऱ्या पारड्यात गुळाचे खडे टाकत गेले, आणि दोन्ही पारडी बरोबरीत आली तेव्हा पारड्यात गूळ कितीसा दिसत होता! सणाला घरच्या पुरणात घालतात त्याच्याहून थोडा जास्त. सासऱ्यांनी भुवया वर केल्या. मग साडूची फ्रेम ठेवली. पारडं खाली गेलं. त्यांनी खडे टाकले, आणखी टाकले, आणखी टाकले.

मला तेवढ्यानं भागलं नाही. मी म्हटलं, गूळ काढा, दोन्ही फ्रेमा समोरासमोर ठेवा, सगळ्यांनाच पाहू द्या. ठेवल्या. त्याची खाली आणि माझी वर, हवेत. मी आयुष्यात गेटं बसवली, ट्रॉल्या उभ्या केल्या, पण त्या वर गेलेल्या पारड्याकडे पाहून जे वाटलं ते कधी वाटलं नव्हतं. गुदगुल्या होत होत्या आतून. साडू पुढे झाला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, भाऊ, मानलं तुमाले. चेहरा पडलेला होता त्याचा. मी तो नीट, डोळे भरून पाहून घेतला. बायको मागून कुजबुजली, की बहिणीच्या घरी जास्त गूळ चालला अन् तुमी दात काढून राह्यले.

चाकं, हँडल, पायडल, गिअर सगळं एकच होतं, साळीच्या जुन्या सायकलचं. ते कोणत्या तरी एकाच फ्रेमवर चढणार. ठरल्याप्रमाणे तिनं माझ्या फ्रेमवर चढवलं. स्वतःच करते ती सगळं, नखं काळी करून. मग सायकल घेऊन गावाबाहेरच्या चढाकडे गेली. आम्ही ओट्यावर बसून होतो. कापसाच्या गाड्या जात होत्या, मी येणाऱ्याजाणाऱ्याला उगाच रामराम घालत होतो, अंगात आलं होतं माझ्या. बऱ्याच वेळानं ती परत आली, घामानं भिजलेली. सगळ्यांनी विचारलं, कशी आहे? ती म्हणाली, खूप हलकी हाय भाऊजी, चढाले तर समजतच नाही. साडूनं विचारलं, अन् उताराले? तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ठीक हाय. आणि पाणी प्यायला आत गेली.

साडू सायकलजवळ जाऊन उकिडवा बसला. मला वाटलं, आता हा खोड काढायला बसला. आधी त्यानं माझ्या जोडांवरून बोट फिरवलं, एकेका जोडावरून, सावकाश. मग खालच्या पाइपावर बोटातली अंगठी टिचकीसारखी वाजवत गेला, वरून, बाजूनं, खालून. एका जागी थांबला. तिथे पुन्हा वाजवली. मग उठला, हात पुसले आणि मागच्या अंगणात निघून गेला.

जेवणं झाल्यावर त्यानं मला हौदापाशी बोलावून घेतलं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळू आवाजात बोलायला लागला. म्हणाला, "भाऊ, खालच्या पाइपाची एक बाजू कागद झाली हाय. पाइप बाहेरून गोल हाय, पण आतलं भोक बरोबर मधात नसते. तुमी बाहेरून सारखं सोललं, तं एकीकडं जाड राह्यलं अन् एकीकडं काहीच नाही राह्यलं."

मी काय म्हटलं असेल ते सांगायलाच नको. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "हरल्यावर असंच सुचते माणसाले. जळून राह्यले तुमी."

"जळतोच ना," तो म्हणाला. "म्हणून तं मले बोलता येत नाही. मी तोंड उघडलं का सगळे हेच म्हणतीन. तुमी बोला."

त्यानं शर्टाची बाही वर केली. कोपरापासून खाली लांबच लांब खरचटल्याचा डाग होता, नुकती खपली गेलेला. पहिली फ्रेम त्यानंही अशीच हलकी केली होती, म्हणाला. पोरीला द्यायच्या आधी स्वतः बसून उतारावर नेली आणि ब्रेक मारला, तसा खालचा पाइप चाकामागे आत बसला आणि तो तोंडावर पडता पडता हातावर पडला. मग दुसरी केली, थोडी जड ठेवून. तीच पारड्यात खाली गेली होती. मला हे कधी सांगितलं नाही तुम्ही? असं मी विचारलं तर तो म्हणाला, तुम्ही दारव्ह्याला हातात घेतली ती पहिलीच, पडलो त्यानंतर, आणि मलाही जिंकायचंच होतं की. आणि मग खाली पाहून म्हणाला, की तुमच्या पितळेच्या जोडासारखा जोड मला शंभर जन्मात जमणार नाही, मघापासून तेच पाहून राह्यलो.

आता माझी जात पाहा. पोरीच्या जिवाची गोष्ट चालली होती, आणि त्यातही हे शेवटचं ऐकून मला बरं वाटलं. मनातल्या मनात मी ते वाक्य दोनदा म्हणून घेतलं.

तो गेल्यावर मी ओट्यावर आलो. घरातले आडवे झाले होते. खिशातलं नाणं काढलं आणि त्या पाइपावर वाजवत गेलो. टण. टण. टण. आणि मग एका जागी तो आवाज आलाच नाही, डब्याच्या पत्र्यासारखा बद्द आवाज आला. मी तिथे अंगठा टेकवला, अगदी हलका. पत्रा अंगठ्याखाली हलला आणि सोडल्यावर पुन्हा वर आला. बाहेरून माप इतकं बरोबर होतं! आत भिंत किती राहिलीय ते मधे मोजायला कोणतं हत्यार पोचणार, हा विचारच मी केला नव्हता. सागाचा दांडा घट्ट बसला, एवढ्यावर मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती सरावाच्या शिबिराला निघणार होती, सायकल टपावर टाकून. तिथून थेट शर्यत. म्हणजे जे काय बोलायचं ते आजच. मी ओट्यावर बसून किती तरी युक्त्या केल्या. म्हणू की रंग अजून वाळला नाही, राहू दे. म्हणू की हँडलची जागा चुकली, पुढच्या खेपेला दुरुस्त करून देतो. म्हणजे ती साडूची नेईल, पण हलकी माझीच राहील. जिंकलेलं जिंकलेलंच राहील. असा विचार करताना मला स्वतःची लाज वाटायला हवी होती. लाज बाजूलाच राहिली, तुलेच्या वेळचं ते वर गेलेलं पारडं पुन्हा पुन्हा डोळ्यासमोर येत होतं. अन् पुन्हा वाटायचं, वाळला रंग की ती तीच फ्रेम मागून घेईल. हलकी आहे ना. मीच तर नियम केला होता.

चहाच्या वेळी सगळे समोरच्या खोलीत जमले. साळी पिशवी भरत होती. साडू भिंतीला टेकून खाली बघत बसला होता, त्यानं वरसुद्धा पाहिलं नाही. मला त्याचा असा राग आला त्या वेळी! हा गप्प बसून चांगला ठरणार, आणि मी बोलून माती खाणार. बोलला असता तर मी भांडलो असतो, ओरडलो असतो, सोपं गेलं असतं. गप्प बसायची अक्कलही देवानं यालाच दिली.

मी उठलो, सायकल घरात घेतली, सगळ्यांच्या मधे उभी केली. साळीला म्हटलं, इकडे ये. आणि तिच्यासमोर खालच्या पाइपावर अंगठा टेकवून सगळा जोर दिला. टक् असा आवाज झाला आणि सुपारी मावेल एवढा खड्डा पडला. या वेळी तो वर आला नाही. म्हटलं, "ही नको नेऊ. त्याची ने."

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर बापाकडे पाहील, नाहीतर मला विचारेल की भाऊजी, असं कसं केलं तुम्ही. तिनं यातलं काही केलं नाही. तिनं मोठा श्वास सोडला, आणि तिचे खांदे खाली आले.

"बरं झालं भाऊजी," ती म्हणाली. "उताराले पुढचं चाक एकीकडं पळे अन् मी एकीकडं. सकाळी दोनदा वाटलं, गेली मी आता."

"मंग बोलली काहून नाही?" मी ओरडलोच.

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "तुमी थोरले जवाई ना," ती म्हणाली. "तुमच्या हातची वस्तू नाही कशी म्हणू?"

म्हणजे ती हीच फ्रेम नेणार होती. घाट उतरणार होती तिच्यावर, भीत भीत, ब्रेक धरून, माझा मान राखायला. सासरे दाराकडे बघत होते. साडू उठला, आत जाऊन आपली फ्रेम घेऊन आला, ती माझ्या फ्रेमशेजारी भिंतीला टेकवली आणि खाली बसून माझ्या फ्रेमवरची चाकं काढायला लागला. मी फ्रेम धरून उभा राहिलो.